नऊ वाजून दहा मिनिटांचा उंचवटा

प्रांजल कोळी ‘प्राणदा बायोलॉजिकल्स’मध्ये लागली तेव्हा तिच्या नेमणूकपत्रावर ‘माहिती सुरक्षा अधिकारी’ असा हुद्दा होता. तिच्या आईने, जनीने, ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून उरणच्या मासळी बाजारात नेलं आणि शेजारी बसणाऱ्या सगळ्या बायकांना दाखवलं. प्रत्यक्षात पहिली दोन वर्षं प्रांजलने प्रिंटरमध्ये अडकलेले कागद काढले, पासवर्ड विसरलेल्यांना नवे पासवर्ड दिले आणि डायरेक्टरांच्या लॅपटॉपवर त्यांच्या नातवाने टाकलेले खेळ पुसले. कारखाना कळंबोलीच्या पुढे, तळोज्याच्या बाजूला. तिथे कुत्रा चावल्यावर द्यायची लस तयार होत असे. लशीला जपायचं म्हणजे धूळ, जंतू आणि उष्णता यांच्यापासून जपायचं, हे दीडशे माणसांना पाठ होतं. संगणकातूनही तिला कुणी इजा करू शकेल, असं त्यांतल्या कुणाला वाटत नव्हतं. प्रांजलला वाटायचं. कोल्ड रूमचे संगणक ऑफिसच्या जाळ्यापासून वेगळे करावेत असं तिने एकदा लेखी मांडलं होतं. पुढच्या वर्षी पाहू, असं उत्तर आलं आणि तो कागद फायलीत गेला.

२०१८ च्या सप्टेंबरातला एक मंगळवार. सकाळी साडेदहाच्या सुमाराला काळूराम जिना चढून तिच्या टेबलापाशी आला. काळूराम ओवे गावचा, बावन्न वर्षांचा. तीन कोल्ड रूमची देखभाल त्याच्याकडे होती. तयार लशीच्या कुप्या दोन ते आठ अंशांत राहिल्या पाहिजेत, हे काम तो अकरा वर्षं करत होता. तो सहसा वर येत नसे.

“ताई, दोन नंबर गरम हाय,” तो म्हणाला. “पडदा चार पॉइंट सहा दाखवतो. पण आत गारवा नाय.”

प्रांजलला वाटलं, पडदा बिघडला असेल. तिने विचारलं, गारवा नाही हे कशावरून. काळूराम म्हणाला, आत गेलो की बोलताना तोंडातून वाफ निघते. आज निघाली नाही. म्हणून खिशातला काचेचा थर्मामीटर पेट्यांच्या मध्ये ठेवून दहा मिनिटं थांबलो, तर पारा तेरावर.

प्रांजलने तिच्या संगणकावर दोन नंबरचा आलेख उघडला. निळी रेघ छान चाललेली होती. चार पॉइंट चार, चार पॉइंट सहा, पुन्हा चार पॉइंट चार. नऊ वाजून दहा मिनिटांनी एक छोटा उंचवटा होता. काळूराम रोज त्या वेळेला दार उघडून आत जायचा, तेव्हा बाहेरची हवा शिरून पारा अर्धा अंश चढायचा आणि पाच-सात मिनिटांत उतरायचा. तो उंचवटा रोजच दिसायचा.

“आज तुम्ही नऊ-दहालाच उघडलंत ना दार?”

“नाय ताई. कळंबोलीच्या सर्कलला ट्रेलर आडवा झालाय. मी आलो तवाच दहा वाजले होते. माझ्याआधी दार कोण उघडणार? चावी माझ्याकडं.”

प्रांजलने सोमवारचा आलेख काढला आणि आजच्या आलेखावर ठेवला. दोन्ही रेघा एकमेकींत विरघळून एकच झाल्या. उंचवट्याचा दातसुद्धा इकडचा तिकडे नव्हता. तिने रविवारचा काढला. रविवारी कारखाना बंद, दार उघडलं जात नाही, तरी उंचवटा होता. नऊ वाजून दहा मिनिटांनी.

यंत्र बिघडलं की ते चुकीचा आकडा दाखवतं किंवा काहीच दाखवत नाही. जुन्या दिवसाचे आकडे ते पुन्हा पुन्हा वाचून दाखवत नाही. ते कुणीतरी दाखवायला लावावं लागतं.

ती काळूरामला घेऊन थेट गुणवत्ता विभागात गेली. तिथल्या प्रमुख हेप्झिबा आपटेकर. सत्तावन्न वर्षांच्या, पनवेलच्या जुन्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, घरातल्या. त्यांची सगळी भावंडं वीस वर्षांपूर्वी इस्रायलला गेली. त्या एकट्या इथे राहिल्या, कारण इथली लस आपल्या सहीने बाहेर पडते, असं त्या सांगायच्या. कारखान्यातून एकही पेटी त्यांच्या सहीशिवाय हलत नसे, आणि दबाव आणून त्यांची सही कुणी मिळवल्याचं ऐकिवात नव्हतं.

प्रांजलने दोन वाक्यांत सांगितलं. हेप्झिबामॅडमनी एकही प्रश्न विचारला नाही. स्वतःच्या कपाटातला तपासून प्रमाणित केलेला थर्मामीटर काढला, जाकीट चढवलं आणि खाली गेल्या. पंधरा मिनिटांनी बाहेर आल्या.

“तेरा पॉइंट दोन,” त्या म्हणाल्या. “आणि बाहेर पडद्यावर चार पॉइंट सहा. प्रांजल, हे काय आहे ते मला कळेल असं सांग.”

“मॅडम, बाहेरचं कुणीतरी आपल्या यंत्रात बसलंय. त्याने थंड करणारा कॉम्प्रेसर बंद केलाय आणि आपल्याला कुठल्या तरी जुन्या दिवसाचे आकडे दाखवतोय. मला तिन्ही कोल्ड रूमची नेटवर्कची केबल काढायची आहे. आत्ता. वरून परवानगी घ्यायला गेले तर तासभर जाईल.”

“काढ. परवानगी मी दिली असं लिही.”

प्रांजलने निळ्या केबल ओढून काढल्या. काळूरामने भिंतीवरचा खटका ‘ऑटो’वरून ‘हात’वर आणला आणि कॉम्प्रेसर धडधडत सुरू झाला. गावातल्या रिक्षासारखा आवाज, पण त्या दिवशी तो तिघांनाही गोड लागला.

त्याच दुपारी चाळीस हजार कुप्यांची पाठवणी ठरलेली होती, सरकारी दवाखान्यांसाठी. ट्रक येऊन फाटकाशी उभा होता. डायरेक्टर कमळाकरसर खाली आले. वाईट माणूस नव्हता. एका खोलीच्या प्रयोगशाळेपासून त्यांनी हा कारखाना उभा केला होता, आणि ठरलेल्या दिवशी माल न पोचल्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्यांचं म्हणणं असं की हा सेन्सरचा बिघाड असेल, आणि कुप्या काही तासच गरम राहिल्या असतील, तेवढ्याने लस मरत नाही. हेप्झिबामॅडम म्हणाल्या, किती तास ते आपल्याला माहीत नाही आणि किती दिवस तेही माहीत नाही. लस मरत नसेलही. पण एखाद्या पाड्यावरच्या पोराला कुत्रा चावतो, बाप त्याला खांद्यावर घेऊन दवाखान्यात जातो, त्याला सुई टोचवून घेतो आणि निर्धास्त होऊन घरी येतो. या आजाराला दुसरी संधी नसते. सही होणार नाही.

ट्रक रिकामा परत गेला.

तीन वाजता कमळाकरसरांच्या मेलवर एक पत्र आलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत होतं पण मजकूर स्पष्ट होता. आम्ही दोन महिन्यांपासून तुमच्या तिन्ही कोल्ड रूममध्ये आहोत. काही दिवस आम्ही त्या गरम केल्या. कोणते दिवस, ते फक्त आम्हाला माहीत आहे, कारण तुमच्या सगळ्या नोंदी आम्ही नव्याने लिहिल्या आहेत. पैसे दिले तर खरी यादी देऊ. नाही दिले तर दोन महिन्यांचा सगळा माल तुम्हाला फेकून द्यावा लागेल आणि वर्तमानपत्रांना आम्ही कळवू. मुदत पाच दिवस.

प्रांजलने नोंदी तपासल्या. पत्र याबाबतीत तरी खोटं नव्हतं. दोन महिन्यांचे आकडे इतके देखणे होते की त्यांवर विश्वास ठेवणं अशक्य होतं.

कमळाकरसरांच्या खोलीत बैठक झाली. मुंबईच्या एका सल्लागाराला फोन लावला. त्याने सांगितलं, असं सगळीकडे चालतं, गुपचूप देऊन टाका, यादी घ्या, विषय संपवा. कमळाकरसरांनी हेप्झिबामॅडमकडे पाहिलं.

“त्यांनी यादी दिली,” मॅडम म्हणाल्या, “तर ती खरी आहे याचा दाखला कुणाकडून घ्यायचा? चोराच्या यादीवर मी लस सोडू का?”

प्रांजल खोलीतली वयाने सगळ्यांत लहान. तिने तीन दिवस मागितले. खरे आकडे कुठून आणणार, असं सरांनी विचारलं. तिने प्रामाणिकपणे सांगितलं की ते अजून तिला माहीत नाही. पण हे लोक संगणकात शिरलेत, कारखान्यात नाही. कोल्ड रूम गरम झाल्याची खूण संगणकाच्या बाहेरही कुठेतरी उमटली असणार. सरांनी मुदत दिली. पोलिसांच्या सायबर शाखेत तक्रार त्याच संध्याकाळी नोंदवायची आणि औषध प्रशासनाला कळवायचं, हे मात्र हेप्झिबामॅडमनी बैठक संपायच्या आत लिहून घेतलं.

प्रांजल स्कूटरवरून जासईला घरी आली. कोळ्यांचं घर मुळात उरणजवळच्या मोरा बंदरातलं. पण मासळी कमी होत गेली तशी तिच्या वडिलांनी, विठूने, होडीतला आपला वाटा भावाला देऊन टाकला आणि जासईच्या एका कंटेनर यार्डात नोकरी धरली. कोळंबी, द्राक्षं, औषधं असा माल नेणारे थंड कंटेनर जहाजाची वाट बघत तिथे उभे असायचे. प्रत्येकाला विजेची जोडणी द्यायची आणि तो चालू आहे ना हे बघत फिरायचं, हे त्याचं काम. जेवताना प्रांजलचं लक्ष नव्हतं. जनीने तिच्या ताटात बोंबील वाढले, ते तसेच राहिले. शेवटी विठूने विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं. बाहेर बोलू नका म्हणून बजावलं, पण सांगितलं.

विठूने घास खाली ठेवला.

“कंटेनरवर आकडा असतो ना, आमी त्याच्यावर इस्वास ठेवत नाय,” तो म्हणाला. “आकडा बरोबर असतो आन् आतली कोळंबी सडलेली असते. आमी प्लगचा मीटर बघतो. मशीन चालली तर वीज खाणार. नाय चालली तर नाय खाणार. पडद्यावर कुनी काय बी लिवंल. मीटरवर कसं लिवंल?”

प्रांजलने ताटातले बोंबील संपवले.

बुधवारी सकाळी ती विद्युत विभागात गेली. चार वर्षांपूर्वी विजेचं बिल जास्त येतं म्हणून प्रत्येक मोठ्या कॉम्प्रेसरवर वेगळा मीटर बसवला होता. कारखान्यामागच्या पत्र्याच्या खोलीत ते रांगेने होते, धुळीने माखलेले. ते कुठल्याच जाळ्याला जोडलेले नव्हते. जोडायचं राहून गेलं होतं, असं तिथला सुपरवायझर ओशाळून म्हणाला. पण दर पंधरा मिनिटांना किती वीज गेली हे प्रत्येक मीटर आपल्या पोटात लिहून ठेवत होता आणि त्याची आठवण नव्वद दिवसांची होती.

नव्वद दिवस. चोरांचे दोन महिने त्यात पुरेपूर मावत होते.

एकेका मीटरला वायर लावून आकडे उतरवायला दुपार झाली. तीन मीटर, दिवसाला शहाण्णव आकडे, साठाहून जास्त दिवस. प्रांजलने ते संगणकावर मांडले, पण नुसत्या विजेच्या आकड्यांवरून खोली किती गरम झाली ते कळत नव्हतं. मग काळूराम पुढे झाला. त्याने सुचवलं की दोन नंबर रिकामी करू, कॉम्प्रेसर बंद करू आणि पारा कसा चढतो ते घड्याळ लावून बघू. म्हणजे इतके तास बंद असेल तर इतके अंश, असा हिशेब मिळेल. गुरुवारचा अख्खा दिवस तिघं तेच करत होती. पेट्या एक नंबरमध्ये नेल्या, त्यांच्या जागी तेवढंच पाणी भरलेल्या बाटल्या ठेवल्या. दर पाच मिनिटांनी काळूराम आकडा ओरडून सांगायचा, हेप्झिबामॅडम स्वतः खुर्ची टाकून लिहायच्या आणि प्रांजल रेघ ओढायची. एकदा बंद करून, एकदा दार उघडं ठेवून, एकदा अर्ध्याच बाटल्या ठेवून. संध्याकाळी मॅडमची बोटं कागदावर वळेनाशी झाली होती. काळूराम म्हणाला, मॅडम, तुमी घरी जा, मी लिवतो. त्या गेल्या नाहीत.

शुक्रवारी अकरा वाजता चित्र पूर्ण झालं. दोन महिन्यांत कॉम्प्रेसर बंद पाडला गेला तो फक्त दोन नंबरचा, आणि फक्त चार वेळा. पहिल्या तीन वेळा तासा-दीड तासासाठी, जणू कुणी हात बसवून बघत होतं. त्यात पारा आठच्या वर गेलाच नव्हता. चौथी वेळ सोमवारी रात्रीपासूनची, काळूरामने पकडलेली. एक नंबर आणि तीन नंबरला कुणी हातही लावलेला नव्हता. तिन्ही खोल्यांची भीती घालणारं ते पत्र खोटं होतं. दोन महिन्यांचा माल फेकायची गरज नव्हती. सोमवारी दोन नंबरमध्ये होत्या तेवढ्याच चाळीस हजार कुप्या बाजूला काढायच्या होत्या, आणि त्या सगळ्या आवारातच होत्या. एकही बाहेर गेली नव्हती.

हेप्झिबामॅडमनी ते कागद तीनदा तपासले. एका ठिकाणी बेरीज चुकली होती ती दुरुस्त केली. मग चष्मा काढला.

“एकतीस वर्षं मी लोकांना सांगत आले की स्वच्छता म्हणजे हात धुणं,” त्या म्हणाल्या. “नोंदीही तशाच स्वच्छ ठेवायच्या असतात, हे आज तू मला शिकवलंस.”

कमळाकरसरांनी चोरांच्या पत्राला उत्तर दिलं नाही. त्यांनी वर्तमानपत्रांना कळवलंच तर मीटरचे आकडे पुढे ठेवू, असं ठरलं, आणि औषध प्रशासनाकडे मीटरचे आकडे, काळूरामची निरीक्षणं, सगळं जसंच्या तसं गेलं.

पण प्रांजलचं काम संपलं नव्हतं. चोर शिरले कुठून, हे शोधताना तिला एक दार सापडलं. ज्या कंपनीने कोल्ड रूमची यंत्रणा बसवली होती, तिने दुरुस्तीच्या सोयीसाठी बाहेरून आत यायची एक वाट ठेवली होती. त्या वाटेला पासवर्ड होता. तोच पासवर्ड त्या कंपनीच्या छापील माहितीपुस्तकात, सदतिसाव्या पानावर, उदाहरण म्हणून दिला होता. आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानावर अभिमानाने छापलं होतं की तळोजा, पाताळगंगा आणि आसपासच्या अकरा औषध व जैविक कारखान्यांत आमची यंत्रणा बसवली आहे.

तिने ती यादी कमळाकरसरांपुढे ठेवली. उरलेल्या दहा कारखान्यांना सांगायला हवं, असं ती म्हणाली. सर म्हणाले, आपल्या घरात चोर आला हे आपण शेजाऱ्यांना का सांगत फिरायचं? त्यांतले चार तर आपले प्रतिस्पर्धी आहेत. उद्या आपल्याच गिऱ्हाइकांना जाऊन सांगतील की प्राणदाची लस घेऊ नका. प्रशासनाला कळवलंय, ते बघतील.

“सर, प्रशासनाचं पत्र पोचायला महिना जाईल,” प्रांजल म्हणाली. “या यादीत मुलांसाठी इन्शुलिन करणारा कारखाना आहे. त्यांच्याकडे काळूरामकाका नाहीत.”

कमळाकरसर उठून खिडकीशी गेले. खाली आवारात काळूराम कुणाला तरी पेट्या नीट धरायला सांगत होता. सर वळून म्हणाले की कळंबोलीच्या कारखानदार संघटनेच्या हॉलमध्ये उद्या सकाळी सगळ्यांना बोलावतो. फोन मी स्वतः करतो.

उद्या म्हणजे शनिवार. तो ज्यूंचा विश्रांतीचा वार, म्हणून हेप्झिबामॅडम शनिवारी काम करत नसत. उभ्या नोकरीत त्यांनी तो नेम मोडला नव्हता, आणि प्रांजलने त्यांच्याकडे मोठ्या आशेने पाहिलं तेव्हा त्यांनी नकारार्थी मान हलवली.

“माणसाचा जीव टांगणीला असता तर आले असते. तू असताना तसं नाही. आणि आले असते तरी मागच्या खुर्चीत बसले असते. शोध तुझा आहे, तूच सांग.”

हॉलमध्ये तीसेक माणसं होती. बहुतेक पुरुष, बहुतेक प्रांजलच्या वडिलांच्या वयाचे, कारखान्यांचे मालक आणि प्लांट मॅनेजर. काळूराम मागच्या भिंतीला टेकून उभा होता. बसा म्हटलं तरी बसला नाही. कमळाकरसरांनी उठून एवढंच सांगितलं की आमच्याकडे चोरी झाली, आमच्या चुकीमुळे झाली आणि आमच्या माणसांमुळे पकडली गेली. बाकी ही सांगेल.

प्रांजलने इंग्रजीत भाषण लिहून आणलं होतं. समोरचे चेहरे बघितले आणि तो कागद घडी करून ठेवला. मग काळूरामच्या तोंडातून न निघालेल्या वाफेपासून तिने साध्या मराठीत सुरुवात केली. दोन्ही आलेख भिंतीवर एकावर एक दाखवले. रविवारी बंद कारखान्यात दार उघडल्याचा उंचवटा दाखवला, तेव्हा हॉलमध्ये खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. मीटरचं सांगितलं. ही युक्ती कुणाची, हेही सांगितलं. जासईच्या यार्डातले विठू कोळी, थंड कंटेनरचे प्लग बघणारे, माझे वडील. शेवटी सदतिसावं पान दाखवलं. ती म्हणाली, आत्ता, इथून उठायच्या आत, आपापल्या कारखान्यात फोन करा. एका माणसाला आत पाठवा, काचेचा थर्मामीटर हातात देऊन. आणि कालचा आलेख आजच्या आलेखावर ठेवायला सांगा.

एकाने फोन काढला, मग दुसऱ्याने, आणि हॉलभर एकच सूचना तीस तोंडांनी ऐकू येऊ लागली. प्रांजल टेबलाशी उभीच होती. वीस मिनिटं गेली. चार-पाच जणांनी येऊन सांगितलं की आमच्याकडे ठीक आहे.

पुढच्या रांगेतल्या एका बाई उठल्या. नीता त्यांचं नाव, इन्शुलिनच्या कारखान्याच्या त्या प्लांट मॅनेजर. त्यांचा फोन अजून कानाला होता.

“आमचा आलेख तीन दिवस सारखाच आहे,” त्या म्हणाल्या. “थर्मामीटर अजून सहा दाखवतोय. म्हणजे अजून त्यांनी काही केलेलं नाही. आता पुढे काय करू, सांगा.”

प्रांजलने सांगितलं. कुठली केबल, कुठला खटका, कोणते मीटर. नीताबाईंनी ते फोनवर शब्दशः पुढे सांगितलं. त्यांचं संपेपर्यंत पाताळगंगेच्या एका कारखान्याचे मालक हात वर करून उभे राहिले. त्यांच्याकडेही तेच. दुपारी एकपर्यंत अकराही कारखान्यांतली ती वाट बंद झाली होती.

हॉलमधून बाहेर पडताना एक वयस्क गृहस्थ, प्रतिस्पर्धी लस कारखान्याचे मालक, कमळाकरसरांजवळ थांबले. तुमच्या जागी मी असतो तर सांगितलं नसतं, असं ते म्हणाले. कमळाकरसर म्हणाले, कालपर्यंत मीही सांगणार नव्हतो.

प्रांजलने काळूरामला स्कूटरवरून ओव्यापर्यंत सोडलं. उतरताना तो म्हणाला, “ताई, आजपर्यंत आमी खोली थंड ठेवत होतो. कशासाठी ते आज समजलं.”

घरी ती पोचली तेव्हा जनी बाजारातून यायची होती. विठू ओट्यावर बसला होता. तिने सगळं सांगितलं, हॉल, फोन, नीताबाई. तो ऐकत होता. मग त्याने विचारलं, मीटरचं सांगितलंस तेव्हा काय म्हणालीस. ती म्हणाली, तुमचं नाव घेतलं बाबा. यार्डाचंही.

“एवढ्या मालक लोकांसमोर?”

“त्यांच्यासमोरच.”

विठू उठला आणि काहीतरी काम आठवल्यासारखा घराच्या मागे गेला. थोड्या वेळाने परत आला तेव्हा त्याने तोंड धुतलेलं होतं.

चोर सापडले नाहीत. माग परदेशात जातो, असं पोलिसांनी कळवलं, आणि तो तिथेच थांबला. बाजूला काढलेल्या चाळीस हजार कुप्या तपासण्या होऊनही हेप्झिबामॅडमनी सोडल्या नाहीत. त्या नष्ट केल्या, आणि नुकसानाबद्दल कमळाकरसरांनी चकार शब्द काढला नाही. बाकीचा माल दवाखान्यांत गेला. अकरा कारखान्यांनी मिळून एक गट केला. महिन्यातून एकदा सगळ्यांचे सुरक्षा अधिकारी भेटतात आणि आपापल्या चुका एकमेकांना सांगतात, असा त्याचा एकमेव नियम. वर्षभरात अकराचे एकोणीस झाले. पहिल्या बैठकीच्या अध्यक्षपदासाठी नीताबाईंनी प्रांजलचं नाव सुचवलं आणि दुसरं नाव आलंच नाही.

लस सोडण्याच्या कागदावर आजवर तीन सह्या असायच्या. नोव्हेंबरात हेप्झिबामॅडमनी तो कागद नव्याने छापून घेतला आणि त्यात चौथा रकाना घातला. या मालाच्या नोंदी कुणीही बदललेल्या नाहीत, याची खात्री केली, असं त्याच्यावर लिहिलेलं होतं. पहिला नवा कागद घेऊन त्या स्वतः जिना चढून वर आल्या. प्रांजलने मीटरचे आकडे, थर्मामीटरचे आकडे आणि पडद्याचे आकडे शेजारी शेजारी मांडून बघितले. ओळ न् ओळ. त्याला पाऊण तास लागला. मॅडम तोपर्यंत समोरच्या खुर्चीत शांत बसून होत्या, त्यांनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.

मग प्रांजलने पेन उघडलं आणि पूर्ण नाव लिहून सही केली. प्रांजल विठू कोळी. खाली फाटकाशी ट्रकचं इंजिन सुरू झालं.